प्रति, स्थलांतरित पक्षी, मु. पो. सायबेरिया

प्रति,
श्री. स्थलांतरित पक्षी (सर्व जाती),
मु. पो. सायबेरिया.
हिवाळी पत्ता : तानसा-वैतरणा-भातसा जलाशय परिसर, ता. शहापूर, जि. ठाणे.

विषय : आमच्या कोंबड्यांना फ्लू दिल्याबद्दल खुलासा मागवण्याबाबत.
संदर्भ : वेहळोली, फेब्रुवारी 2022, तसेच आपल्या नावावरची त्याआधीची प्रकरणे.

महोदय,



आपली-माझी तोंडओळख नाही. मी खर्डीचा. कसारा लोकलमध्ये आटगाव, तानशेत गेलं की खर्डी येतं, आणि पुढे उंबरमाळीनंतर कसाऱ्याला गाडीच संपते. आपल्याला अर्थात लोकलची गरज नाही. आपण हिमालय ओलांडून येता, तेही पासाशिवाय. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून कल्याणपासून घरी येण्याचं सुख आपल्या नशिबी नाही. तरी आपल्यातले एक गृहस्थ माझ्या रोजच्या बघण्यातले आहेत : धोबी. पावसाळा सरला की ते फलाटावर हजर होतात आणि शेपटी वरखाली करत असे चालतात, की वरून कुणी साहेब तपासणीला आलेत असं वाटावं. त्यांच्यामार्फत हे पत्र आपणा सर्वांपर्यंत पोहोचेल अशी आशा आहे.

पत्रास कारण की, फेब्रुवारी 2022 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या वेहळोली गावी एका पोल्ट्रीत शंभरेक कोंबड्या मेल्या. नमुने तपासणीला गेले. अहवाल आला : बर्ड फ्लू, एच5एन1. मग 1 किलोमीटरच्या टापूतल्या सुमारे 25 हजार कोंबड्या मारायचं ठरलं. दोन वर्षं कोरोनाने पोळलेली माणसं आम्ही. पांढरे पीपीई पोशाख आता कुठे नजरेआड झाले होते, तर ते पुन्हा दिसू लागले, या वेळी कोंबड्यांसाठी. आमच्या नाक्यावर चहाचा पहिला घोट घशाखाली जायच्या आत प्रश्न आला, "कुणी आणला?" आणि दुसऱ्या घोटाला उत्तरही आलं, "बाहेरून येतात ना ते पक्षी, त्यांनी."

म्हणजे आपण.

आपलं अभिनंदन करावं तेवढं थोडं आहे. असा आरोपी शोधून सापडायचा नाही. आपल्याला पक्का पत्ता नाही, म्हणून समन्स बजावता येत नाही. आपल्याला वकील नाही. मत नाही, म्हणून आपल्यासाठी कुणी मोर्चा काढणार नाही. आपली कुठे पोल्ट्री नाही, हॉटेल नाही, औषधाची एजन्सी नाही, त्यामुळे आपल्यावर आळ घेतला तर कुणाचा धंदा बसत नाही. आणि मुख्य म्हणजे चौकशी सुरू होईपर्यंत उन्हाळा लागतो आणि आपण निघून गेलेले असता. पळून गेला म्हणजे गुन्हेगारच, हे आमच्याकडे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

आपलं जुनं रेकॉर्डही मी काढलं आहे. 18 फेब्रुवारी 2006. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. भारतातल्या कोंबड्यांमध्ये हा रोग पहिल्यांदा तिथे सापडला आणि लाखो कोंबड्या खड्ड्यात गेल्या. मग जानेवारी 2021, परभणी जिल्ह्यातलं मुरुंबा. आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पुन्हा नवापूर. आणि वर्षभराने आमचं वेहळोली. तारखा बघा, सगळ्या हिवाळ्यातल्या. आपणही हिवाळ्यातच येता. झालं, आणखी काय पुरावा हवा? आमच्याकडे लग्नंही हिवाळ्यात फार होतात, हळदीला कोंबड्यांचे ट्रक हिवाळ्यातच जास्त धावतात, पण ट्रकांना पंख नसतात.

एक बारीकशी अडचण मात्र आहे. त्याच जानेवारी 2021 मध्ये ठाणे शहरात मेलेल्या बगळ्यांत आणि मुंबई, दापोली, बीडच्या कावळ्यांत हा रोग सापडला होता. आता ते बगळे म्हणजे खाडीकाठी, नाल्यात, भातखाचरात बाराही महिने मान आखडून उभे असणारे आमचे ढोकरी. कावळ्याचं तर काय सांगावं! ढोकरीचं आणि कावळ्याचं रेशनकार्ड इथलं. ते सायबेरियाला कधी गेले होते याची नोंद मला कुठे आढळली नाही. त्यांना आपण दिला असेल असं समजू. पण त्यांना पोल्ट्रीबाहेर टाकलेल्या मेल्या कोंबडीने दिला असेल, असं नाक्यावर कुणी का म्हणालं नाही?

आता हे "आपण-आपण" पुरे. सरकारी भाषा मला फार वेळ पेलत नाही. बाबा रे, तुला अरेतुरे करतो, रागावू नकोस.

तू धुतल्या तांदळासारखा आहेस असं मी म्हणणार नाही. रानबदकांच्या पोटात फ्लूचे विषाणू सुखाने नांदतात, त्यांच्या विष्ठेतून पाण्यात उतरतात, आणि तू हा रोग लांबवर नेऊ शकतोस, हे शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी दाखवलं आहे. पण हा जो कोंबड्यांचा काळ ठरलेला एच5एन1, तो पहिल्यांदा सापडला 1996 मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात, आणि तो सापडला माणसाने पाळलेल्या हंसांत. पुढच्याच वर्षी हाँगकाँगच्या कोंबडी बाजारातून तो माणसांत आला. 18 जण आजारी पडले, त्यातले 6 गेले, आणि शहरातल्या दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या गेल्या. तुझे भाऊबंद हजारोंनी मेले ते 2005 मध्ये, चीनच्या छिंगहाय सरोवरावर. पट्टकादंब हंस त्यात फार गेले. म्हणजे दाटीवाटीच्या खुराड्यात आम्ही विषाणू जोपासला, बाजारात फिरवला, मग तो तुला लागला, आणि आता तू आम्हाला रोग देतोस म्हणून आम्ही तुझ्या नावाने बोटं मोडतो. आमच्याकडे म्हण आहे : चोर सोडून संन्याशाला फाशी. तू तर संन्याशाहून सोयीचा. संन्याशाला निदान मठ असतो.

ही सवय आमची आजची नाही, हेही सांगून टाकतो, म्हणजे तुला एकटं वाटायला नको. 1918 च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत माणसं तापाने पडू लागली, तेव्हा पहिलं भांडण कशावरून झालं? महापालिकेचे आरोग्य अधिकारी म्हणाले, रोग जहाजातून आला. सरकार म्हणालं, खलाशांनाच तो मुंबईत लागला. कागद इकडून तिकडे जात राहिले आणि ताप आगगाडीत बसून देशभर गेला. आमच्या घाटातून जाणारी ही जीआयपी रेल्वेची लाइन तेव्हाही होती. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी मुंबईत 768 मृत्यूंची नोंद झाली. देशभरातले आकडे कोटींत गेले. सगळं जग त्याला स्पॅनिश फ्लू म्हणालं, कारण महायुद्धात तटस्थ असलेल्या स्पेनच्या वर्तमानपत्रांनी तो लपवला नाही. खरं छापलं म्हणून बिचारा देश कायमचा बदनाम झाला.

2009 मध्ये स्वाइन फ्लू आला आणि डुकरांची पाळी आली. आमच्याकडचे डुकरं पाळणारे हैराण, आणि तिकडे इजिप्तने एप्रिलच्या शेवटी देशात एकही रुग्ण नसताना तीनेक लाख डुकरं मारायचा हुकूम काढला. ती डुकरं कैरोचा ओला कचरा खायची. ती गेल्यावर कचरा रस्त्यावर साचला. ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला आणि मग इथे काय झालं ते मी पाहिलं आहे. पुण्याच्या नायडू रुग्णालयापुढे रांगा, औषधांच्या दुकानांतून मास्क गायब, मुंबईत शाळा-कॉलेजं नि सिनेमागृहं काही दिवस बंद. आमच्या लोकलच्या डब्यात प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल, आणि प्रत्येकाच्या खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी. कुणी शिंकलं की गर्दीच्या गाडीत त्याच्याभोवती चक्क जागा व्हायची. मला आठवतं, कल्याणला चढताना एकाने सीट मिळावी म्हणून मुद्दाम शिंक काढली होती. भीतीचा उपयोग करून घ्यायचा असतो, हे त्या माणसाला तेव्हाच कळलं होतं. मला कळायला 2022 उजाडावं लागलं.

ते कसं, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

वेहळोलीची बातमी आली आणि पाठोपाठ सूचना आल्या. त्यातली पहिली नेहमीची : "नागरिकांनी घाबरून जाऊ नये." आमच्या गावात हे वाक्य ऐकलं की माणसं आधी घराची कडी लावतात. पुढची सूचना : अंडी आणि कोंबडीचं मांस 70 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं शिजवून खावं. सल्ला खरा आहे, शास्त्रीय आहे. फक्त चुलीवरच्या टोपात 70 अंश कुठे असतात ते आईला दाखवायला कुणी आलं नाही. ती म्हणाली, "आमचा रस्सा तासभर रटरटतो, त्याला कुठला ताप उरतोय?" एवढ्या चार शब्दांत तिने सगळी सूचना समजून सांगितली, पण ती प्रसिद्धिपत्रक काढत नाही.

मग वर्तुळं आली. रोग सापडला तिथून 1 किलोमीटर म्हणजे बाधित क्षेत्र. तिथल्या सगळ्या कोंबड्या मारायच्या. 10 किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र. तिथे नजर ठेवायची. या नियमांमागे विचार आहे, मी नाही म्हणत नाही. ज्यांनी ते पोशाख घालून उन्हात दिवसभर ते काम केलं त्यांचीही मी चेष्टा करणार नाही. कोंबडीची मान धरणं कुणाच्याच आवडीचं काम नसतं. पण नकाशावर कंपासने वर्तुळ काढलं की कागदाचं काम संपतं, आणि गावात ते तिथून सुरू होतं. आमचं घर कुठल्या वर्तुळात, हे नाक्यावर दहा जणांनी दहा प्रकारे सांगितलं. एकाने मोबाइलवर अंतर मोजलं, रस्त्याने. दुसरा म्हणाला, सरळ मोज, विषाणू काय वळणं घेत जातो? तिसऱ्याने ढकललेल्या मेसेजमध्ये तर अख्खा तालुकाच बाधित होता, आणि त्याखाली "जास्तीत जास्त लोकांना पाठवा" असं होतं. लोकांनी पाठवलं. लसीकरणाच्या तारखा एवढ्या मनोभावे कुणी पाठवल्या असत्या तर!

आईकडे तेव्हा सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. दिवसा अंगणात, रात्री डालग्याखाली. दोन तरण्या, तीन अंड्यावरच्या, आणि एक म्हातारी खुडूक, जी नुसती चिडायची. ही आमची पोल्ट्री. ही आईची बँकसुद्धा. पाहुणा आला, एक गेली. नातवाला वह्या हव्या, चार अंडी गेली. गावदेवाचा मान वेगळा.

बातमीच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मोटारसायकलवाला आला. मागे दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे. नाव सांगायचं कारण नाही, मलाही ते माहीत नाही. बोलायला गोड. अंगणात उकिडवा बसला आणि आईला म्हणाला, "मावशी, उद्या-परवा गाडी येईल. पांढरे कपडेवाले. सगळ्या घेऊन जातील, खड्ड्यात पुरतील. सरकारचा रेट ऐकलाय का? मोठ्या कोंबडीला नव्वद."

ते खोटं नव्हतं. जानेवारी 2021 मध्ये राज्य सरकारने जाहीर केलेले दर तसेच होते. अंडी देणाऱ्या, आठ आठवड्यांवरच्या कोंबडीला 90 रुपये. त्याहून लहान असेल तर 20. मांसाच्या, सहा आठवड्यांवरच्या पक्ष्याला 70. अंड्याला 3. आणि भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या कोंबडीची. त्याआधीच रोगाने मेली तर काही नाही. म्हणजे मरायचं असेल तर पंचनाम्याच्या मुहूर्तावर. तेव्हा आमच्या बाजारात गावठी कोंबडीला सहज चारशे-पाचशे मिळत, हे त्या दराला माहीत नसावं. दर बहुधा पिंजऱ्यातल्या कोंबडीकडे बघून ठरला; अंगणातली ठरवणाऱ्यांच्या नजरेला पडली नाही.

"मी शंभर देतो," मोटारसायकलवाला म्हणाला. "रोख. आत्ता."

नव्वदपेक्षा शंभर जास्त होतात. हिशेब चोख होता. आईने त्याला पाणी दिलं, खुडूक सोडून पाच कोंबड्या नि कोंबडा त्याच्या पिंजऱ्यात गेला, सहाशे रुपये तिच्या कनवटीला. तो अजून चार घरं फिरला. आमच्या आळीत कुठलंही पथक आलं नाही. येणारही नव्हतं. आठवड्याने मी हायवेच्या कडेला एका पाटीवर वाचलं : "शुद्ध गावठी, फार्मची नाही, बर्ड फ्लूची भीती नाही." दर लिहिला होता 650.

आता सांग, मी पत्र कुणाला लिहू? त्याच्या गाडीचा नंबर मी पाहिला नाही. पोल्ट्रीतून पोल्ट्रीत फिरणाऱ्या पिंजऱ्यांना, रात्री नाशिक हायवेवरून पिसं उडवत जाणाऱ्या ट्रकांना, गुपचूप ओढ्यात टाकलेल्या मेल्या कोंबडीच्या गोणीला कुणी पत्ता विचारत नाही. मेसेज ढकलणाऱ्याला विचारावं, तर तो म्हणतो, "मला पण आला होता." तूच एक उरलास. म्हणून तुला.

एक शब्द सांगतो, तो घेऊन जा सायबेरियाला. मानमोडी. आमच्याकडे कोंबड्यांना राणीखेत रोग झाला की त्याला मानमोडी म्हणतात, कारण कोंबडी मान टाकते. आणि 1918 च्या त्या तापालाही जुनी माणसं मानमोडीच म्हणत. माणूस आणि कोंबडी, दोघांच्या साथीला एकच नाव. नाव ठेवणाऱ्यांना विषाणूशास्त्र येत नव्हतं, पण कोण कसं मरतं ते त्यांनी जवळून बघितलं होतं. ही कोंबड्यांची मानमोडी दर उन्हाळ्यात एखाद्या पाड्यात तरी येते. रात्री डालगं भरलेलं, सकाळी रिकामं. तिच्यावर लस आहे आणि ती महागही नाही. पण मानमोडीला वर्तुळ नसतं, तिची टीव्हीवर पट्टी चालत नाही, त्यात कुठल्या शहराला धोका नसतो. मेली तर फक्त त्या बाईची कोंबडी मेली. पांढरे पोशाख तेव्हा कपाटात असतात. फ्लू आला की ती बाई पहिल्यांदा नकाशावर येते, आणि तेही बाधित म्हणून.

भीती खरी असते, हे मी नाकारत नाही. 2021 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये एक मुलगा याच एच5एन1 बर्ड फ्लूने गेला. देशात माणसाला तो झाल्याची ती पहिली नोंद. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नये, कोंबड्या अचानक मरू लागल्या तर लपवू नये, लगेच कळवावं. हे मी आमच्या आळीत सगळ्यांना सांगतो. सगळे ऐकतात. आणि मग एक जण हमखास विचारतो, "कळवलं आणि नव्वद मिळाले, तर पुढच्या वेळी कोण कळवेल?" तुझ्याकडे उत्तर असलं तर जरूर सांग. माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे असायला हवं त्यांना वेगळं पत्र लिहिणार आहे. तेही खुलंच असेल.

बाकी इकडे सगळं क्षेम. तुझ्या हिवाळी मुक्कामाचं पाणी भरपूर आहे. तानसा, भातसा, वैतरणा तुडुंब भरतात. ते पाणी मुंबईला जातं. मार्च लागला की आमच्या तालुक्यातल्या पाड्यांना टँकर येतो. तुला वरून दोन्ही दिसत असेल, भरलेलं धरण आणि त्याच्याच कुशीत हंड्यांची रांग. कधी साक्षीला बोलावलं तर तेवढं सांग.

आईची ती म्हातारी खुडूक अजून आहे. मोटारसायकलवाल्याने तिला कमी लेखलं होतं, म्हणाला, "हिचे पन्नास देतो," आणि आईचा पारा चढला. यंदा तिच्याखाली शेजारणीची नऊ अंडी ठेवली. सात पिल्लं निघाली. आई त्यांना अंगणात सोडते, तेव्हा वरून घार फिरते, आणि आमचा तो धोबीही कधी मधी पिल्लांच्या शेजारी येऊन शेपटी हलवतो. परवा मी तिला म्हटलं, "त्याला हाकल. त्यांच्यातलेच फ्लू आणतात म्हणतात."

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. म्हणाली, "हा दर वर्षी येतो आणि किडे टिपून जातो. कोंबड्या नेल्या त्या गाडीवरून आलेल्याने."

खुलासा सात दिवसांत पाठवावा. न पाठवल्यास आपल्याला काही म्हणायचं नाही असं समजून आरोप कायम ठेवण्यात येईल, जसा आजवर ठेवला आहे.

आपला,
एक खर्डीकर
(कोंबड्या : एक खुडूक, सात पिल्लं. भाव विचारू नये.)